आजीबरोबर पाहिलेले केळकर संग्रहालय, आणि त्या सुट्टीतील आणखी तीन ठिकाणे

दिवाळीच्या सुट्टीत आत्या आणि तिचा आठ वर्षांचा मुलगा नाशिकहून आमच्याकडे कोथरूडला राहायला आले होते. आजी, आई, बाबा, आत्या, आतेभाऊ आणि मी अशा सहा जणांनी मिळून त्या आठवड्यात पुण्यातील चार ठिकाणे पाहिली. मी एकोणीस वर्षांची आहे आणि माझा जन्म याच शहरातला, तरी या चारपैकी दोन ठिकाणी मी आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल ठेवले. पुण्यात राहणाऱ्याला पुणे पाहण्याची घाई नसते आणि घरी पाहुणे आल्याशिवाय ती सहसा होत नाही, हे आमच्या घराबाबत तरी खरे आहे. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आणि आतेभाऊ आठ वर्षांचा. या दोघांमध्ये सत्तर वर्षांचे अंतर असल्यामुळे एखादे ठिकाण कुटुंबासाठी कसे आहे हे ठरवण्याचे एक माप मला आपोआप मिळाले. जेथे त्या दोघांना एकमेकांशी बोलण्यासारखे काही सापडले ते ठिकाण मी चांगले मानले. ज्यांना घरातील सर्वांत वडीलधाऱ्या आणि सर्वांत धाकट्या माणसाला बरोबर घेऊन निघायचे आहे, त्यांच्यासाठी हा अभिप्राय मी लिहीत आहे.

या मापाने राजा दिनकर केळकर संग्रहालय बाकी तिन्ही ठिकाणांच्या कितीतरी पुढे गेले. म्हणून मी त्याबद्दलच अधिक लिहिणार आहे.

संग्रहालय शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याजवळ नातूबागेत आहे. आम्ही आयडियल कॉलनी स्थानकावर मेट्रोत बसलो, जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलली आणि मंडई स्थानकावर उतरलो. जिल्हा न्यायालय स्थानकात दोन मार्ग एकमेकांना मिळतात. त्यांपैकी स्वारगेटकडे जाणारा मार्ग जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे आणि तेथे सरकत्या जिन्यांनी बरेच खाली उतरावे लागते. आजीला सरकत्या जिन्यावर पहिले पाऊल टाकण्याची धास्ती वाटते, म्हणून आम्ही तिला लिफ्टने नेले. ज्यांच्या घरात असे ज्येष्ठ आहेत त्यांनी स्थानकात शिरताच लिफ्ट कोठे आहे हे विचारून घ्यावे, म्हणजे गर्दीत धावपळ होत नाही. मंडईपासून संग्रहालयापर्यंत चालत जाता येते. परंतु दिवाळीच्या दिवसांत मंडई आणि तुळशीबाग यांच्या आसपास माणसांचा पूर लोटलेला असतो, म्हणून आजी आणि आत्या रिक्षाने गेल्या आणि आम्ही चौघे पायी गेलो. पोहोचलो जवळपास एकाच वेळी.

दारातच आतेभावाने विचारले, की हा दिनकर राजा कोणत्या गावचा होता आणि त्याने लढाई कोणाशी केली. नाव वाचल्यावर असा समज होणे अगदी स्वाभाविक आहे. लहानपणी माझाही तोच समज होता. खरे म्हणजे दिनकर गंगाधर केळकर हे राजे नव्हते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे ते पुण्यातील एक रसिक गृहस्थ होते. त्यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक वर्षे ते त्यांच्या शोधात गावोगाव हिंडले. या कामात पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. १९६० पर्यंत सुमारे पंधरा हजार वस्तू त्यांच्यापाशी जमा झाल्या होत्या. १९६२ मध्ये संग्रहालय स्थापन झाले आणि १९७५ मध्ये त्यांनी हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. नावातील ‘राजा’ हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो सात वर्षांचा असताना गेला, आणि त्याच्या स्मरणार्थ वडिलांनी संग्रहाला त्याचे नाव दिले.

बाबांनी हे सांगितले तेव्हा आतेभाऊ थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने आत्याला विचारले, “म्हणजे तो माझ्याहून लहान होता का गं?” आत्याने नुसती मान हलवली. त्यानंतर पूर्ण वेळ तो कोणत्याही दालनात पळाला नाही आणि कशालाही हात लावायला गेला नाही. मला वाटते की त्या घराचा मालक आपल्यापेक्षा वयाने लहान आहे, अशी काहीतरी त्याची समजूत झाली असावी. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ही गोष्ट त्यांना आत शिरण्यापूर्वी जरूर सांगावी. ती त्यांना जड जाईल अशी भीती मला वाटली होती, पण मुलाला ती आमच्यापेक्षा सरळपणे समजली.

इमारत तीन मजली आहे आणि दालने एकामागून एक लागत जातात. संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू असून त्यांपैकी सुमारे अडीच हजार पाहण्यासाठी मांडलेल्या असतात, आणि अडीच हजार ही संख्या देखील एका फेरीत पाहून संपणारी नाही. शस्त्रे आहेत, वाद्ये आहेत, हस्तिदंताचे बारीक कोरीवकाम आहे, पैठण शैलीची चित्रकथी चित्रे आहेत, कातडी बाहुल्या आहेत, वाड्यांचे कोरीव दरवाजे आहेत. परंतु या संग्रहाचा खरा जीव घरगुती वस्तूंत आहे. दिवे, अडकित्ते, वज्री, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, कुलपे, दौती, स्वयंपाकघरातील भांडी. ज्या वस्तू जपून ठेवाव्यात असे त्या वापरणाऱ्यांच्या मनातही आले नसेल, त्या केळकरांनी जपल्या. राजेरजवाड्यांची तलवार कोणीतरी सांभाळून ठेवतेच. पण टाच घासायची वज्री मोडीत जाऊ नये म्हणून धडपडणारा माणूस विरळा, आणि त्या निवडीबद्दल मला केळकरांविषयी अपार आदर वाटला.

वज्रीपाशीच आजी पहिल्यांदा थांबली. तोपर्यंत ती आमच्या मागून हळूहळू, थोडी परक्या घरात आल्यासारखी चालत होती. कपाटात पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या आकाराच्या लहान लहान धातूच्या वस्तू होत्या, आणि आतेभावाने काचेला नाक लावून विचारले, “आजी, ही खेळणी आहेत का गं?”

“खेळणी कसली रे,” आजी म्हणाली, “वज्री आहे ती. हिच्या खालची बाजू बघ कशी खरखरीत आहे. न्हाणीघरात बंबाशेजारी ठेवलेली असायची. शेतातून आलं की टाचांच्या भेगांत माती बसायची, ती हिनं घासून काढायची.”

आजीचे बालपण सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात गेले. त्यानंतरच्या दोन तासांत त्या गावातील घर आमच्यापुढे एकेका कपाटातून उभे राहत गेले. शनिवारवाड्यात बाबा बोलत होते आणि आम्ही ऐकत होतो, तसे येथे आजी बोलू लागली आणि बाबाही श्रोत्यांत सामील झाले. माझे वडील चोपन्न वर्षांचे आहेत. आपल्या आईच्या माहेरी न्हाणीघर घराच्या कोणत्या बाजूला होते हे त्यांना त्या दिवशी कळले.

अडकित्त्यांचा संग्रह मोठा आहे. घोडा, पोपट, स्त्री-पुरुषाची जोडी असे नाना आकार त्यांत दिसतात आणि कोणीही कलाकुसरीने थक्क होईल. आजीने मात्र आकारांकडे फारसे पाहिले नाही. ती पात्याकडे आणि बिजागरीकडे पाहत होती. अडकित्त्याची किंमत नक्षीत नसून त्याच्या बिजागरीत असते, ती ढिली झाली की सुपारी कातरली न जाता फुटते, असे तिने सांगितले. तिच्या सासऱ्यांना, म्हणजे माझ्या पणजोबांना, केसासारखी बारीक कातरलेली सुपारी लागायची, आणि नव्या सुनेची पारख त्यावर होत असे. हे सांगताना तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण आई हसायची थांबली हे मी पाहिले. पुढच्या कपाटापर्यंत आई आजीचा हात धरून चालली.

दिव्यांच्या दालनात आम्ही सर्वांत जास्त वेळ काढला. समया, निरांजने, दीपलक्ष्म्या, साखळीने टांगायचे लामणदिवे अशी इतकी रूपे तेथे आहेत, की एका साध्या वातीसाठी माणसाने किती विचार केला असेल हे पाहून मन भरून येते. आतेभावाला साखळ्यांचे कौतुक वाटले. लग्नात वधूवरांच्या मागे करवल्या कऱ्हा आणि दिवा घेऊन का उभ्या असतात, हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता. तो त्याला पडला, आणि आजीने त्याला समजावले. मग ती कंदिलाकडे वळली. गावात वीज नव्हती तेव्हा रोज संध्याकाळी दिवे लावण्यापूर्वी कंदिलाची काच पुसून ठेवण्याचे काम घरातील मुलांकडे असे. आत धरलेली काजळी काढायला राख आणि मऊ फडके लागे, आणि काचेचे तोंड अरुंद असल्यामुळे मोठ्यांचा हात आत जात नसे. आजीने आतेभावाचा हात हातात घेतला, त्याची बोटे मिटवली आणि म्हणाली, “या एवढ्या हाताचं काम होतं ते. हात मोठा झाला की काम धाकट्या भावंडाकडे जायचं.”

तिच्याकडून ते काम कोणाकडे गेले, असे त्याने विचारले. ते माझ्या आजीच्या धाकट्या बहिणीकडे गेले होते. त्या आता नाहीत.

कोणत्याही संग्रहालयातील पाटीवर वस्तूचे नाव, धातू, प्रांत आणि शतक लिहिता येते. ती वस्तू भरल्यावर किती जड व्हायची, ती घासताना कोणाचा हात कापायचा, ती कोणाच्या लग्नात आली आणि कोणत्या दुष्काळात विकली गेली, हे पाटीवर मावत नाही. केळकर संग्रहालयातील वस्तू अशा आहेत, की त्यांतील पुष्कळशांचा वापर आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या माणसांनी स्वतः केला आहे किंवा तो जवळून पाहिला आहे. आणखी पंधरा-वीस वर्षांनी हे सांगणारे कोणी उरणार नाही आणि त्या वस्तूंपाशी केवळ पाट्या उरतील. म्हणून माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे, की मित्रमैत्रिणींबरोबर जाण्याआधी येथे एकदा आजी-आजोबांबरोबर जावे. मी स्वतः हे दहा वर्षे आधी करायला हवे होते, तेव्हा माझे आजोबाही होते.

भांडी पाहताना आजीने मापांचे कोष्टक म्हणून दाखवले. दोन कोळवी म्हणजे चिपटे, दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. किलोग्रॅम आणि लिटर आपल्याकडे कायद्याने आले ते १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे तिने शाळेत शेर-पायली पाठ केली आणि ती पाठ होते न होते तोच ती व्यवहारातून जाऊ लागली. आतेभावाला हे कोष्टक इतके आवडले की परतीच्या वाटेवर त्याने ते पाठ केले, आणि त्या रात्री त्याने आईकडे चिपटेभर भात मागितला.

मस्तानी महालाचे दालन हे या संग्रहालयाचे प्रसिद्ध आकर्षण आहे. कोथरूडमध्ये मस्तानीचा जो महाल होता त्याचे लाकडी अवशेष केळकरांनी मिळवले आणि ते येथे आणून महाल पुन्हा उभा केला. आम्ही कोथरूडला राहतो. आमच्या भागात आज इमारती, दुकाने आणि वरून जाणारी मेट्रो आहे, आणि तेथील एक महाल शुक्रवार पेठेतील या वास्तूत सुखरूप राहिला आहे, ही जाणीव फार विलक्षण होती. कोरीव खांब आणि कमानी यांकडे पाहताना मला पहिल्यांदा असे वाटले, की मी ज्या रस्त्याने रोज महाविद्यालयात जाते त्या रस्त्यालाही भूतकाळ आहे.

काही व्यावहारिक सूचना कराव्याशा वाटतात. सकाळी उघडल्याबरोबर गेल्यास गर्दी कमी असते आणि ज्येष्ठांना कपाटापुढे निवांत उभे राहता येते. सर्व मजले एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नये. आम्ही तो धरला आणि शेवटच्या वाद्यांच्या दालनापर्यंत पोहोचलो तेव्हा आजीचे पाय दुखू लागले होते आणि आतेभाऊ भुकेला होता. सारंग्या, वीणा, तंबोरे यांच्याकडे आम्ही अपुऱ्या लक्षाने पाहिले, हे मला मान्य केले पाहिजे. दोन-तीन दालने निवडून ती नीट पाहावीत आणि पुन्हा यावे. औषधाची वेळ असलेल्यांनी न्याहारी करूनच निघावे.

जेवणासाठी आम्ही जवळच्याच एका थाळीच्या ठिकाणी गेलो. त्याचे नाव येथे देत नाही. अन्न रुचकर होते, आळूच्या फतफत्यात मुळा आणि शेंगदाणे हात राखून घातलेले नव्हते, पण बाहेर माणसे ताटकळत होती म्हणून आजीच्या हातात ताकाची वाटी असतानाच बिल टेबलावर आले आणि वाढप्याने उरलेली ताटे उचलली. वृद्ध माणसे सावकाश जेवतात. त्यांच्यादेखत टेबल पुसू लागणे मला फार दुखावून गेले, कारण आजीने अर्धे ताक तसेच ठेवले आणि ती “चला, झालं माझं” असे म्हणून उठली. दिवाळीच्या दिवसांत पेठांमध्ये जेवायचे असेल तर बाराच्या आधी बसावे, एवढाच उपाय मला सुचतो.

त्याआधी दोन दिवस आम्ही शनिवारवाडा पाहिला होता. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली, आणि खर्च १६,११० रुपये झाला. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतील वास्तू भस्मसात झाली. म्हणून ज्यांना महाल पाहायचा आहे त्यांची, विशेषतः मुलांची, आत गेल्यावर निराशा होते, आणि ती आतेभावाचीही झाली. दिल्ली दरवाजा मात्र त्याने मनापासून पाहिला. हत्तींच्या धडकांपासून संरक्षण म्हणून त्यावर बसवलेले अणकुचीदार खिळे त्याने खाली उभे राहून मोजायचा प्रयत्न केला. बाबा स्थापत्य अभियंता आहेत. उरलेल्या जोत्यांवरून चौक कोठे असावेत, लाकडी खांब कोठे उभे असावेत, पाणी कसे खेळवले असावे हे ते दाखवत गेले आणि हजारी कारंज्यापाशी बराच वेळ रमले. मला त्यांचे बोलणे आवडले, पण आजीला उन्हात उभे राहून जोती पाहणे जमेना. ती एका झाडाखाली बसून राहिली आणि आतेभाऊ मधूनमधून तिच्याकडे जाऊन आपण काय पाहिले ते सांगून येत होता. वास्तू भव्य आहे, तिचे महत्त्व मी सांगण्याची गरज नाही. परंतु कुटुंबासह जाताना घरात कोणी तरी जोती वाचून दाखवणारे असले पाहिजे, नाहीतर ते उद्यान वाटते.

कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आतेभावासाठी ठरवले होते आणि त्याला ते आवडले यात नवल नाही. बुधवारी ते बंद असते, हे आधी लक्षात घ्यावे. आईचे माहेर सदाशिव पेठेतले, त्यामुळे तिच्या लेखी पुण्यातले प्राणी म्हणजे पर्वतीच्या पायथ्याजवळचे पेशवे पार्क आणि तेथील फुलराणी. तेथील प्राणी १९९९ मध्ये कात्रजला हलवण्यात आले. आता त्यांना ऐसपैस जागा मिळाली आहे, आणि लहानपणी ज्या पिंजऱ्यांपुढे आपण आनंदाने टाळ्या वाजवल्या ते किती अरुंद होते हे आता कळते, असे आई म्हणाली. येथील सर्पोद्यान नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ मध्ये सुरू केले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप कसे ओळखायचे हे आतेभावाला तोंडपाठ होते, आणि ते त्याने आजीला शिकवले. तिने आयुष्यभर प्रत्येक सापाला ‘जनावर’ म्हटले आहे. चालणे मात्र फार होते. आवारात बॅटरीवर चालणारी वाहने आहेत, ज्येष्ठांसाठी ती आरंभीच घ्यावीत.

आगाखान पॅलेसला आम्ही रविवारी सकाळी गेलो. मेट्रोने कल्याणीनगर स्थानकावर उतरून पुढे थोडे अंतर जावे लागते. इटालियन धर्तीच्या कमानी, प्रशस्त व्हरांडे आणि मोठी झाडे यांमुळे प्रथमदर्शनी ही वास्तू एखाद्या संस्थानिकाच्या विश्रामस्थानासारखी दिसते. तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह यांनी ती १८९२ मध्ये बांधली, आणि दुष्काळाने गांजलेल्या आसपासच्या लोकांना रोजगार मिळावा हा त्या बांधकामामागचा हेतू होता. ज्या भिंती भुकेल्यांच्या हाताला काम मिळावे म्हणून उभ्या राहिल्या, त्यांच्या आत पन्नास वर्षांनी इंग्रज सरकारने गांधीजींना कोंडले.

९ ऑगस्ट १९४२ पासून ६ मे १९४४ पर्यंत गांधीजी येथे स्थानबद्ध होते. त्यांच्यासह कस्तुरबा, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन अशी माणसे होती. स्थानबद्धतेला आठवडाही उलटला नव्हता तोच, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, महादेवभाईंचे निधन झाले. त्यांचा जन्म १८९२ चा, म्हणजे ते आणि ही वास्तू एकाच वर्षीची. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी येथेच एकवीस दिवसांचा उपवास केला. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबांनी येथे प्राण सोडला. त्या दोघांच्या समाध्या आवारात आहेत.

मी ही सारी माहिती आदल्या रात्री वाचून ठेवली होती आणि शनिवारवाड्यात बाबांनी केले तसे येथे मी करणार होते. खोल्यांमधून मी बोलत राहिले. समाध्यांपाशी आल्यावर मात्र मला बोलवेना, आणि कोणी काही विचारलेही नाही. आजीने पदर डोक्यावर घेतला आणि दोन्ही ठिकाणी हात जोडले. आतेभावाने तिचे पाहून तसेच केले. येथे त्या दोघांचे बोलणे झाले नाही, पण मी सुरुवातीला सांगितलेल्या मापाला ही एक बाजू जोडावी लागेल, की काही ठिकाणी शेजारी शेजारी उभे राहणे पुरते. परत निघताना आजी एवढेच म्हणाली, “शिवरात्रीला गेली, पण घरी नाही गेली गं.” त्या दिवशी मेट्रोत तिने खिडकीबाहेर पाहत प्रवास केला.

आगाखान पॅलेस शांत आहे, बसायला सावली आहे आणि बहुतेक भाग जमिनीलगत असल्याने ज्येष्ठांची दमछाक होत नाही. आठ-दहा वर्षांखालील मुलांना आधी काही सांगून ठेवल्याशिवाय येथे नेऊ नये, असे माझे मत आहे. त्यांना केवळ मोठे आवार दिसते आणि पळावेसे वाटते, यात त्यांचा दोष नाही.

सुट्टीचे दोन दिवस उरले होते. सिंहगडाचा बेत होता, पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही यांचे आमिषही आत्याने दाखवले होते. कोठे जायचे असे आम्ही आतेभावाला विचारले तेव्हा त्याने आजीकडे पाहिले, आणि आजीने विचारले, की केळकरांकडे परत जाता येईल का. ती संग्रहालय म्हणाली नाही, केळकरांकडे म्हणाली.

दुसऱ्या वेळी आजी, आतेभाऊ आणि मी असे तिघेच गेलो. यावेळी आम्ही सर्व मजले चढण्याचा हट्ट केला नाही. मला वाटले होते की आजी ओळखीच्या वस्तूंकडे, वज्रीकडे किंवा कंदिलाकडे जाईल. तिने तसे केले नाही. मागच्या वेळी ज्यांच्यापुढून आम्ही घाईने गेलो होतो ती चित्रकथीची चित्रे, वाद्ये आणि दूरच्या प्रांतांतील भरतकाम तिला पाहायचे होते, जे तिच्या गावात कधी नव्हते आणि तिने कधी वापरले नव्हते. चष्मा ती घरी विसरली होती. म्हणून प्रत्येक कपाटापुढे आतेभाऊ पाटी मोठ्याने वाचायचा, अडले तिथे अक्षरे जुळवायचा, आणि आजी मान पुढे करून काचेतून पाहत त्याला विचारायची, “हे कशाला वापरत असतील रे?”